ती मुलगी अकरावीला का आली नाही?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आमची छोटी शिक्षण संस्था आहे. वडिलांनी १९८४ साली पाचवी ते दहावीचं हायस्कूल काढलं, ते अनुदानित आहे. पुढे अकरावी-बारावीच्या तुकड्या जोडल्या, त्या अजून विनाअनुदानित आहेत. वडील गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, सचिव म्हणून मी काम बघतो. गावासाठी आम्ही पुष्कळ करतो. वृक्षदिंडी, स्वच्छता पंधरवडा, रक्तदान शिबिर, वडिलांच्या पुण्यतिथीला वह्यावाटप. पेपरात बातमी येते. तरी गावाला शाळा आपली वाटत नाही. गेल्या ग्रामसभेत शाळेमागच्या पांदण रस्त्याचा विषय निघाला, तेव्हा आमच्या बाजूनं एकही माणूस उठला नाही. पटसंख्या घसरते आहे. ऐपत असलेले पालक तालुक्याच्या इंग्रजी शाळेची गाडी लावतात. यंदा दहावीला ७८ टक्के मिळवलेली आमचीच एक मुलगी अकरावीला आली नाही, कापूस वेचायला जाते असं ऐकलं. या वर्षी समाजकार्यासाठी संस्थेनं दोन लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. संचालकांमध्ये एक मत असं आहे की शेजारचं गाव दत्तक घ्यावं आणि मंत्र्यांना बोलावून मोठा कार्यक्रम करावा. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करावं तेही सुचत नाही. संस्थेचा गावाला खरा उपयोग व्हावा यासाठी नेमकं काय करू?
– एक संस्थाचालक, जि. यवतमाळ

उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीवर अडले. वृक्षदिंडी, वह्या, पांदण रस्ता, पटसंख्या या सगळ्याच्या मधे ती ओळ सहज येऊन गेली आहे. ७८ टक्के मिळवलेली मुलगी अकरावीला आली नाही, कापूस वेचायला जाते असं ऐकलं. कोणाकडून ऐकलंत? तिच्या घरी शाळेतून कोण गेलं होतं? पत्रात तसं काही नाही, म्हणून मी धरून चालते की कोणी गेलं नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या घराच्या वाटेवर दिसतं.

हे मी दोष द्यायला लिहीत नाही. माझ्या हातूनही हे घडलेलं आहे. नव्वदच्या दशकात मी वर्धा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलात शिकवत होते. नववीतली एक मुलगी दिवाळीनंतर यायची बंद झाली. हजेरीपटावर मी रोज गैरहजेरी मांडत गेले. वर्गात एकदोनदा विचारलं, "ती वेचायला जाते मॅडम" असं पोरींनी सांगितलं, आणि माझं समाधान झालं. जानेवारीत तिचं नाव कमी झालं. उन्हाळ्यात तिची आई बाजारात भेटली तेव्हा खरं कळलं. परीक्षा फीचे चाळीस रुपये बाकी होते. पैसे आणल्याशिवाय वर्गात बसू नको, असं पोरीला ऑफिसातून सांगितलं होतं. तिनं ते घरी सांगितलंच नाही, कारण त्या आठवड्यात बाप दवाखान्यात होता. फी जमवायला म्हणून ती वेचाईला गेली. पैसे दोन-तीन दिवसांत जमलेही, पण तोवर वर्गात परत यायची तिला लाज वाटू लागली. आम्ही स्टाफरूममध्ये बारा जण होतो आणि यातलं एकालाही ठाऊक नव्हतं. चाळीस रुपये आमच्यापैकी कोणीही दिले असते.

म्हणून 'वेचायला जाते' हे कारण धरू नका. त्याच्या आधी काही तरी घडलेलं असतं. तुमच्या या मुलीच्या बाबतीत ते काहीही असू शकतं. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. तालुक्याच्या कॅफेत कोणी घाईत फॉर्म भरून दिला, पसंतीक्रमात चाळीस किलोमीटरवरचं कॉलेज वर गेलं, ओटीपी बापाच्या मोबाईलवर आला आणि बाप वावरात होता, असं घडतं. कदाचित तिला सायन्स हवं असेल आणि तुमच्याकडे फक्त आर्ट्स असेल. परतीची बस नसेल. घरी लहान भावंड असेल, नाही तर स्थळ आलं असेल. प्रत्येक कारणाचा इलाज वेगळा आहे आणि त्यातले बरेच शाळेच्या हातातले आहेत. बसचंच घ्या. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटी बसगाड्या मुलींच्या शिक्षणासाठीच सुरू झाल्या, पण बसची वेळ आणि शाळा सुटण्याची वेळ जुळेलच असं नाही. एकटा बाप आगारात गेला तर त्याचं कोणी ऐकून घेत नाही. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र, त्यात मुलींची नावं, त्यांची गावं, शाळा सुटण्याची वेळ, सोबत ग्रामपंचायतीचा ठराव, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एक चक्कर, एवढं केलं की आगार व्यवस्थापकाला काही तरी उत्तर द्यावंच लागतं. दोन ठिकाणी मी बसची वेळ बदललेली पाहिली आहे.

आता तुमच्या संचालकांची सूचना. मंत्र्यांचा कार्यक्रम करू नका. दोन लाखांतले दीड लाख मंडप, फ्लेक्स आणि जेवणावळीत जातील. गाव दत्तक घेण्याबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण ज्यांनी हे काम खरोखर केलं ते तुमच्यापासून फार दूर नाहीत. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलं. तिथे दर वर्षी नव्या तुकडीला जवळपासचं एक गाव दिलं जातं. सुरुवातीलाच मुलं त्या गावात शिबिरासाठी मुक्काम करतात, प्रत्येकाच्या वाट्याला काही घरं येतात, आणि शिबिर आटोपलं तरी त्या घरांशी संबंध सुटत नाही. शिक्षण चालू असेपर्यंत ती मुलं तिथे जात राहतात. शहरातून आलेल्या पोराला कोणाच्या आजीची साखर वाढलेली आहे, कोणत्या सुनेचं बाळंतपण जवळ आलं आहे, हे त्या निमित्तानं नावानिशी कळतं. एका गावाची जबाबदारी कोणालाच पेलत नाही, चार-पाच घरांची मात्र अठरा वर्षांचा मुलगाही घेऊ शकतो, हे त्यांनी ओळखलं.

तुम्ही हेच तुमच्या मापानं करा. शेजारचं गाव सोडा, ज्यांची मुलं तुमच्या वर्गात बसतात तीच घरं घ्या. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांमध्ये घरं वाटली तर एकेकाच्या वाट्याला वीस-पंचवीस येतील. वर्षातून दोनदा जायचं, एकदा जूनमध्ये, एकदा दिवाळीनंतर. हातात फॉर्म नको, फोटो तर मुळीच नको. लेकराचं कसं चाललंय ते सांगायचं आणि घरचं कसं चाललंय ते ऐकायचं. शिक्षक कुरकुर करतील. जनगणना, निवडणूक, पोर्टलवरची माहिती यांनी ते आधीच वाकलेले आहेत, हे मी जाणते. म्हणून पुण्यतिथीचा आणि पंधरवड्यांचा व्याप कमी करून तो वेळ त्यांना द्या. पहिल्या फेरीत तुम्ही स्वतः जा. सचिव दारात आला तर शिक्षकाला मागे राहता येत नाही.

पैशाचं सांगते. तुम्ही पत्रात लिहिलं नाही, म्हणून विचारते. अकरावी-बारावीच्या विनाअनुदानित तुकड्यांवरच्या शिक्षकांना तुम्ही महिन्याला किती देता आणि ते वेळेवर देता का? आपल्या भागात सकाळी कॉलेजात शिकवणारे आणि दुपारी दुसऱ्याच्या वावरात रोजानं जाणारे एम.ए., बी.एड. झालेले लोक मी पाहिले आहेत. गाव त्यांना दोन्ही वेळी बघतं. कोणाची नेमणूक कशी झाली, त्यासाठी कोणी किती एकर विकलं, हेही गावाला आकड्यासकट माहीत असतं. तुमच्या संस्थेत तसं काही झालं आहे असं मी म्हणत नाही. पण थकलेला पगार असेल तर दोन लाखांतला पहिला रुपया तिथे जाऊ द्या. शिक्षकाची मजुरी बुडवून वाटलेल्या वह्यांना गाव उपकार मानत नाही, आणि ते गावाचं चुकतं असं मला वाटत नाही.

उरलेल्या पैशातून मी काय केलं असतं ते सांगू? कापसाच्या हंगामापुरती लहान लेकरांची सोय.

तुमचा हजेरीपट काढा आणि नोव्हेंबर ते जानेवारी हे तीन महिने मुलींच्या नावापुढे पाहा. वेचाई किलोवर असते. बाई जितकी लवकर निघेल आणि जितकी उशिरा परतेल तितकी मजुरी. अंगणवाडी दुपारी सुटते. त्यानंतर दोन-तीन वर्षांचं लेकरू कोणी सांभाळायचं? घरातल्या सहावी-सातवीतल्या पोरीनं. ती पोरगी वेचायला जात नाही, घरीच असते, म्हणून कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. हजेरी तुटते, मग अभ्यास तुटतो, आणि नववीत आपण म्हणतो की हिला गणित येत नाही. शाळेची एक खोली, सतरंज्या, पिण्याचं पाणी, बचत गटातल्या दोन बायांना तीन-साडेतीन महिन्यांचं मानधन आणि मुरमुरे-फुटाण्यांचा खर्च. अंगणवाडी सेविकेशी आधी बोलून घ्या, तिला आपल्या कामात कोणी घुसतंय असं वाटायला नको. ती सोबत आली तर निम्मं काम झालं. लेकरू संध्याकाळपर्यंत नीट सांभाळलं गेलं तर पोरगी वर्गात येईल आणि तिची आई तुमच्या शाळेचं नाव वेचाईच्या ओळीत दहा जणींना सांगेल. बायका वावरात जे बोलतात तेच पुढे चावडीवर येतं.

हंगामाचा विचार सभांनाही लावा. कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. कागदावर तुमच्याकडे तसं असेलच. त्यातली एक तरी आई वेचाईला जाणारी आहे का? आणि सभा किती वाजता घेता? दुपारी दोनला घेतली तर जिचा रोज बुडतो ती येणार नाही, सही मात्र नंतर घरी जाऊन घेतली जाईल. रात्री आठला घ्या. बाया येतील, आणि तुम्हाला आवडणार नाहीत अशा गोष्टीही बोलतील. मुलींचं संडास कुलूपबंद असतं, ही गोष्ट मला अशाच एका रात्रीच्या सभेत कळली होती.

पुढची गोष्ट शिकवण्याची आहे आणि ती मला सगळ्यात जवळची आहे. २०१७ च्या पावसाळ्यात तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याइतकी वाढली होती. उकाडा होता, फवारा तोंडावरच येत होता, अंगावर साधं बनियन आणि हात उघडे. औषधाच्या डब्यावर एक तिरपा चौकोन असतो. त्याच्या खालच्या भागात लाल रंग असेल तर ते सगळ्यात जहाल विष. त्यानंतर पिवळा, मग निळा, मग हिरवा. ही गोष्ट किती घरांत माहीत होती? त्या घरांमधली मुलं कुठल्या ना कुठल्या शाळेत सायन्स शिकत होती. आम्लं आणि आम्लारी त्यांना पाठ होते. घरातल्या कोपऱ्यात ठेवलेला डबा वाचायला मात्र आपण त्यांना शिकवलं नव्हतं. ते वर्ष मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

तुमच्या नववीच्या वर्गाला जूनमध्ये हे काम द्या. घरी जी औषधं येतात त्यांच्या डब्याचा रंग पाहायचा, माहितीपत्रकातलं मराठी वाचून बापाला ऐकवायचं, वारा कोणत्या बाजूनं वाहतो ते पाहून कोणत्या अंगानं चालायचं ते सांगायचं. दोन औषधं मनानं एकत्र करायची नाहीत. फवारताना डोळ्यापुढे अंधारलं, दरदरून घाम सुटला, मळमळलं तर काम तिथेच थांबवायचं, कपडे काढून साबणानं अंग धुवायचं आणि दवाखान्यात जाताना डबा किंवा त्याचं लेबल सोबत न्यायचं, म्हणजे डॉक्टरला कोणतं विष ते कळतं. हा दोन तासांचा धडा आहे. सहायक कृषी अधिकाऱ्यांना, म्हणजे पूर्वीच्या कृषी सहायकांना, बोलवा, ते येतात. ज्याच्या वावरात फवारणीचा सालदार किंवा मजूर असतो त्या कास्तकाराच्या मुलाला आणखी एक शिकवा, हातमोजे आणि मास्क देणं ही मालकाची जबाबदारी आहे. हे मूल घरी जाऊन बोललं तर त्याच्या बापाला राग येईल. येऊ द्या.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली, तिथे गांधीजींनी शिक्षण मातृभाषेतून आणि हाताच्या कामाभोवती असावं असा विचार मांडला. त्या वेळी चरखा, टकळी पुढे होती. आज तुमच्या गावात हाताचं काम म्हणजे सोयाबीन, कापूस, तूर आहे, आणि पाऊस. शाळेच्या पटांगणात एक पर्जन्यमापक बसवा, थोडक्या पैशात होतो. आठवीतल्या मुलांनी रोज सकाळी साडेआठला वाचायचं, वहीत लिहायचं आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मांडायचा. एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारदरबारी अतिवृष्टी धरतात, पण ते मोजमाप महसूल मंडळाच्या यंत्रावर होतं आणि ते यंत्र पाच-दहा किलोमीटरवर असतं. तिथे चाळीस पडतो, तुमच्याकडे ऐंशी. शाळेचा आकडा सरकारी ठरणार नाही, हे गावाला आधीच स्पष्ट सांगा. तरी तहसीलदाराला अर्ज देताना तारीखवार वही जवळ असलेलं गाव आणि 'लय पडला साहेब' म्हणणारं गाव यांत फरक पडतो. मुलांना दशांश चिन्ह आणि सरासरी यातून जितकी पक्की समजते तितकी पुस्तकातून समजत नाही.

शाळेकडे आणखी एक ताकद आहे जी तुम्ही बहुधा ताकद म्हणून पाहिली नसेल, ती म्हणजे कागद. कोणत्या लेकराचा बाप गेला, कोणाची आई एकटी आहे, हे गावात सर्वांत आधी वर्गशिक्षकाला कळतं. अशा मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, २०२३ पासून महिन्याला २२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जातो. आपल्या भागात ज्या घरांवर कर्जापायी संकट कोसळलं, तिथल्या विधवा बाईला हे कोण सांगणार? तेराव्याला येऊन आश्वासन देणारे पुढारी कागद भरून देत नाहीत. तुमचा लिपिक एक संध्याकाळ तिच्यासोबत बसला तर अर्ज होतो. आठवीतल्या मुलांकडून एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी तुम्ही नीट करून घेता का? शिष्यवृत्तीसाठी निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२ हजार रुपये, म्हणजे त्या घरासाठी वेचाईच्या एका हंगामाइतका आधार. ही परीक्षा सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांच्या मुलांनाच देता येते. तेव्हा तुमच्या गणिताच्या सरांनी शनिवारी दुपारी वर्ग घ्यावा आणि त्यात जिल्हा परिषद शाळेच्या मुलांनाही बसवावं. त्या मुलांचा उद्याचा पट कोणाचा, याचा हिशेब तेव्हा करू नका.

जातीच्या दाखल्याचंही तसंच. इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. तो बऱ्याचदा आजोबा-पणजोबांच्या नावानं जिल्हा परिषद शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात असतो, आणि ती रजिस्टरं कपाटात वाळवी खात असतात. दोन्ही शाळांनी मिळून ती नीट बांधून घ्यावीत, गावातल्या घरांप्रमाणे नावांची यादी करावी. मुलगी बारावी सायन्सला गेल्यावर जातवैधता प्रमाणपत्रासाठी धावाधाव सुरू होते, तेव्हा या यादीचं मोल कळतं.

तुमच्या मैदानाबद्दल पत्रात काही नाही, पण गाव रस्त्यालगत असेल तर पहाटे साडेचारला बाहेर पडून पाहा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं डांबरी रस्त्यावर धावत असतात, मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, आणि ट्रक बाजूनं जातात. शाळेचं फाटक मात्र कुलूपबंद. चुन्यानं धावपट्टी आखा, गोळाफेकीचं वर्तुळ काढा, फाटकाची किल्ली त्याच पोरांपैकी एकाला द्या. एक वर्गखोली रात्री दहापर्यंत अभ्यासिका म्हणून उघडी ठेवा, विजेचं बिल वाढेल तेवढंच. 'वस्तू मोडतील' असं संचालक म्हणतील. काही मोडतीलही. ज्या पोरांकडे किल्ली असते ती स्वतः राखण करतात, हा माझा अनुभव आहे, पण पहिल्या सहा महिन्यांत भांडणं होतात तेही सांगून ठेवते.

हे सगळं एका वर्षात करायला घेऊ नका. घरभेटी आणि लेकरांची खोली, एवढं या हंगामात पुरे. फवारणीचा धडा आणि पर्जन्यमापक जूनसाठी ठेवा. आणि यातलं काहीही करताना शाळेत मुलांना वाचता आलं पाहिजे हे विसरू नका. तुमच्या पाचवीत येणाऱ्या प्रत्येक मुलाला जुलैत एक परिच्छेद वाचायला द्या. जी अडखळतील त्यांना रोज एक तास वेगळं बसवा. ऐपतीचे पालक गाडी लावतात ते इंग्रजीच्या ओढीनं, हे खरं, पण ज्यांच्याकडे गाडीचे पैसे नाहीत त्यांच्या मुलांचं वाचणं ही तुमची आणि माझी जबाबदारी आहे.

पांदण रस्त्याचा तुम्हाला सल लागला आहे, ते समजतं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला जा, आपला विषय न नेता. शेवटपर्यंत बसा. कोणाचं पाणी, कोणाचं घरकुल, कोणाचा वीजपुरवठा, जे निघेल ते ऐका, आणि कुठे अर्ज लिहून द्यायला माणूस लागला तर शाळेचा माणूस द्या. रस्त्याचं नंतर पाहू. त्या रस्त्यानं ज्यांच्या बैलबंड्या आणि ट्रॅक्टर जातात त्यांचंही काही म्हणणं असेल, ते तुम्ही मला लिहिलेलं नाही.

आता त्या मुलीकडे. याच आठवड्यात जा. बाजाराच्या दिवशी नको, त्या दिवशी हप्त्याची मजुरी हातात येते आणि घरदार बाजारात असतं. दुसऱ्या कोणत्याही दिवशी रात्री सातनंतर जा, त्याआधी घरी कोणी भेटणार नाही. तिच्या दहावीच्या वर्गशिक्षिकेला सोबत घ्या. एकटे पुरुष म्हणून गेलात तर आई ओट्यावरच बोलेल आणि मुलगी आतून ऐकत राहील. ७८ टक्क्यांबद्दल आधी अभिनंदन करा, तिचं कोणी केलं नसेल. कॉलेजला का येत नाही, हा प्रश्न लगेच विचारू नका. चहा ठेवतील, तो घ्या, आणि वेचाई कशी चाललीय ते विचारा. कारण कळलं तर तिथल्या तिथे आश्वासन देऊ नका, दोन दिवसांनी परत येतो म्हणा आणि खरोखर परत जा. यंदाचा प्रवेश हुकलाच असेल तर पुढच्या जूनमध्ये तिचा फॉर्म शाळेच्या संगणकावर, तिच्या समोर, तिच्या पसंतीनं भरायचा. तोवर अकरावीची पुस्तकं तिच्या घरी राहू द्या आणि संध्याकाळच्या अभ्यासिकेत तिची जागा धरा. आयटीआयकडे तिचं मन असेल तर तेही विचारा. घर सोडणं शक्यच नसेल तर कॉलेजात न जाता बाहेरून बारावीला बसण्यासाठी मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे, त्यातल्या शिक्षणातील खंडाच्या अटी आधी नीट वाचून घ्या.

तिनं काय सांगितलं ते मला लिहा. नाव लिहू नका, कारण तेवढं लिहा.

तुमची,
ताई